पुण्यात घराला मॉनिटरिंगवाला अलार्म बसवलाय का? वाजल्यावर काय झालं ते सांगा

आई-बाबा डहाणूकर कॉलनीत राहतात, जुना बैठा बंगला. दिवाळी झाली की दोघं भावाकडे ऑस्टिनला जाणार, ते थेट मे महिन्यात परत. आजूबाजूचे बंगले पाडून इमारती चढतायत, मागच्या गल्लीतून कोण येतंय-जातंय काही कळत नाही. नुसतं कुलूप लावून निघायला बाबांचं मन धजत नाहीये.

दोन कंपन्यांचे लोक येऊन गेले. दोघांनी मोबाइलवर ॲप दाखवलं, ‘चोवीस तास मॉनिटरिंग’ दहादा ऐकवलं. मी विचारलं, रात्री दोनला मागचं दार फोडलं तर पुढे काय? एक म्हणाला, "सगळं ऑटोमॅटिक आहे मॅडम." म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नसावं. तेव्हा माहितीपत्रकातलं नको. ज्यांच्याकडे खरोखर वाजलाय त्यांनी लिहा.

सूस रोडवाला:
आमच्या रो हाउसला आहे. गणपतीत गुहागरला होतो, पहाटे तीनच्या सुमारास कंपनीच्या मॉनिटरिंग सेंटरचा फोन (अलार्मचे सिग्नल तिथे बसलेली माणसं बघतात). "सर, हॉलमध्ये मोशन दाखवतंय, पासवर्ड सांगा." सांगितला. "घरात कुणी असणं अपेक्षित आहे का?" नाही. "दारं-खिडक्या बंदच दाखवतायत, फक्त हॉल." शेजारच्या मुलाला उठवलं. तो वॉचमनला घेऊन घराभोवती फिरला, कुलपं जागच्या जागी. खिडकीतून आत टॉर्च मारला तर कोपऱ्यातल्या मोशन सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर पाल, ऐसपैस बसलेली.

हा सेन्सर उष्णतेतली हालचाल टिपतो. दहा फुटांवरची पाल त्याच्या खिजगणतीत नसते, पण भिंगावरच चढली की तिच्याएवढा मोठा चोर नाही. सासूबाईंनी उपाय म्हणून तिथे मोरपीस खोचलं. कंपनीच्या माणसानं येऊन आधी ते काढलं, मग सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब नेला. दिव्याला किडे, किड्यांमागे पाल, साधा हिशोब. बसवतानाच हे बघायला हवं, पण बसवणाऱ्यांना वायर कमी कशी लागेल याचीच घाई.

तरी मी समाधानी आहे. फोन लगेच आला आणि बोलणाऱ्याला कुठला सेन्सर ते ठाऊक होतं. महिन्याचे पैसे त्याचे.

वायरमन काका:
ताई, पॅनेलमधलं (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो डबा) सिम कुठलं ते आधी विचारा. स्वस्त पॅनेलात अजून टूजी मॉड्यूल सापडतं. जिओचं टूजी नेटवर्क मुळातच नाही. त्यात जिओचं सिम घातलंत की पॅनेल मुकं. शिवाय प्रीपेड सिमवरून ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही आणि खात्यात २० रुपयेही नसले, तर ते बंद होऊ शकतं. तुमची मंडळी सहा महिने नाहीत. सिम मॉनिटरिंग कंपनीच्या नावावर, तिच्याच खर्चानं असलेलं बरं. चांगलं पॅनेल ठरावीक वेळानं ‘मी जिवंत आहे’ असा सिग्नल सेंटरला पाठवतं. तो थांबला तर सेंटरला किती वेळात कळतं आणि मग ते कुणाला फोन करतात, हे लेखी घ्या.

दुसरं, वीज. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं नवीन नाही. पॅनेलची १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत दम सोडते, बदलायची कुणी हा प्रश्न करारात असतो, अगदी बारीक अक्षरांत. राउटरला वेगळा बॅकअप नसेल तर वायफायवर चालणारं सगळं लाइट गेल्या क्षणी झोपतं.

अकराव्या मजल्यावरून:
वाकडला फ्लॅट. गेटवर सिक्युरिटी, व्हिजिटर ॲप, सगळं आहे, म्हणून मोशन सेन्सर वगैरेच्या फंदात पडलो नाही. मुख्य दाराला मॅग्नेट सेन्सर आणि आजीसाठी पॅनिक बटण, देवघराच्या बाजूला. मॅग्नेट सेन्सर म्हणजे चौकटीवर एक तुकडा, दारावर दुसरा, दोघं लांब गेले की बोंब. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

गंमत बटणाची. कामवाल्या मावशींनी फडकं मारताना ते दाबलं गेलं. सेंटरचा फोन घरी, आजीनं उचलला. "आजी, पासवर्ड सांगा." आजी म्हणाली, "अनोळखी माणसाला पासवर्ड सांगायचा नाही असं बँकेनं बजावलंय." तो पुन्हा विचारतोय, ही पुन्हा नाही म्हणतेय. शेवटी फोन ठेवते म्हणाली, "पोलिसात देईन." त्यानं नियमाप्रमाणे मला ऑफिसात आणि सोसायटीच्या गेटवर फोन केला. गार्ड धापा टाकत वर आला तर आजी त्याला लाडू देतेय.

आजीचं मला शंभर टक्के बरोबर वाटतं. ती चूक करत नव्हती, पद्धत चुकीची होती. आता ठरलंय की सेंटरच्या माणसानं आधी आमचा खूणशब्द सांगायचा, मग आजी तिचा सांगेल. मागितल्यावर त्यांनी हे करून दिलं.

नाइट शिफ्ट (माजी):
मी अशाच एका मॉनिटरिंग सेंटरला काही वर्षं ऑपरेटर होतो. धागाकर्त्या ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. सिग्नल आला की स्क्रीनवर ग्राहकाचं नाव, पत्ता, कुठला झोन (म्हणजे घराचा कुठला भाग), आणि खाली फोन नंबरांची यादी. आम्ही यादी वरून खाली लावत जातो. सेन्सर कितीही भारी असो, ही यादी टुकार असेल तर काही उपयोग नाही. लोक पहिला नंबर न्यू जर्सीतल्या मुलाचा देतात! तो मीटिंगमध्ये असतो, फोन कापतो, आणि आमची मिनिटं जातात. पहिला नंबर त्याचा, जो दहा मिनिटांत फाटकाशी पोचेल.

पोलिसांचं नीट विचारा. ११२ हा आणीबाणीचा नंबर तुम्ही जिथून लावता त्या राज्याच्या कक्षात लागतो. सेंटर गुरुग्रामला असेल तर तिथून फिरवलेला ११२ हरियाणात वाजेल, कोथरूडला नाही. त्यांच्याकडे तुमच्या पोलीस ठाण्याचा ०२० वाला नंबर नोंदवलेला आहे का? वाकडच्या ताईंसाठी: पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, तुमचा भाग तिकडे येतो. नोंदीत नुसतं ‘पुणे’ असेल तर फोन भलतीकडे जाईल.

"आमची गाडी येईल" म्हणाले तर गाडी कुणाची ते विचारा. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राज्याचा परवाना लागतो. आणि आलेला गार्ड पोलीस नसतो. बाहेरून बघेल, थांबेल, कळवेल. तेवढंही पुष्कळ आहे.

अजून एक, कुणी विचारतच नाही. बहुतेक चांगल्या पॅनेलना धाकाचा कोड ठेवता येतो. कुणी मानेवर चाकू ठेवून बंद करायला लावलं तर हा वेगळा कोड दाबायचा. भोंगा गप्प होतो, सेंटरला मात्र गुपचूप सिग्नल जातो.

पेठेतला:
आम्ही ‘येथे अलार्म आहे’ अशी पाटी लावली आहे. अलार्म नाही. खाली ‘खात्री करून पाहू नये’ असंही लिहिलंय.

बावधन:
कॅमेरे असले की झालं, असं समजणाऱ्यांसाठी. आमच्या ओळीतल्या एका बंगल्यात चार कॅमेरे होते. चोरांनी जाताना रेकॉर्डरच उचलून नेला, टीव्हीखाली दिसेल असा ठेवला होता. कॅमेरा चित्र घेतो, त्या वेळी कुणी बघत नसेल तर कुणाला उठवत नाही. नवीन घेत असाल तर एसटीक्यूसी (केंद्र सरकारची चाचणी यंत्रणा) प्रमाणपत्र बघा, एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या विक्रीला ते सक्तीचं झालंय.

विम्याची पॉलिसीही काढून वाचा. घर सलग ठरावीक दिवस बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. सहा महिने म्हणजे आधी कळवून लेखी मंजुरी घ्यायलाच हवी.

ह्यूस्टनहून:
तुमच्या भावाला विचारा, इकडे बऱ्याच शहरांत अलार्मला परवाना लागतो आणि वारंवार खोटा वाजला तर दंड होतो. सॉल्ट लेक सिटीत तर २००० पासून कुणीतरी जाऊन खात्री केल्याशिवाय साध्या घरफोडीच्या अलार्मला पोलीस निघत नाहीत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, आजीला नमस्कार. काल दोन्ही कंपन्यांना परत बोलावलं. अट एकच, डेमो माझ्या पद्धतीनं. राउटर बंद केला, मेन स्विच पाडला आणि बाबांना मागचं दार उघडायला सांगितलं. पहिल्या कंपनीचा फोन बाबा दारातून परत यायच्या आत आला, झोनचं नाव बरोबर. दुसऱ्यांचा फोन वाजला तो समोर सोफ्यावर बसलेल्या विक्रेत्याच्या खिशात! डेमोचं खातं त्याच्याच नंबरावर. बिचारा उचलून "हां हां, ठीक आहे" म्हणाला. त्यांचं सेंटर नाहीच, पॅनेल आपल्यालाच फोन लावतं, त्यालाच ते मॉनिटरिंग म्हणतात.

पहिल्यांकडे एक अडलंय. पॅनेल आम्ही विकत घेणार, पण इन्स्टॉलर कोड, म्हणजे पॅनेलची सेटिंग्ज बदलायचा कोड, ते देणार नाहीत म्हणतात.

नाइट शिफ्ट (माजी):
त्यावर हटून बसा. करार संपल्यावर कोड तुमच्या हातात द्यावा असं कलम घालून घ्या. नाहीतर उद्या दुसरी कंपनी घेताना पॅनेल फेकून नवीन घ्यावं लागेल. किल्ली कुणाकडे ठेवताय?

धागाकर्ती:
समोरच्या काकांकडे. झाडांना पाणी घालायला ते येणारच आहेत.

नाइट शिफ्ट (माजी):
मग त्यांना मास्टर कोड देऊ नका, त्यांच्या नावाचा वेगळा कोड करून घ्या. ते कधी आत गेले, कधी बाहेर पडले हे सेंटरला दिसतं, आणि आई-बाबा परत आले की तेवढाच काढून टाकता येतो. आणि काकांना सांगा, आत शिरल्यावर कोड दाबायला पॅनेल साधारण अर्धा मिनिट देतं. आधी कोड, मग चपला.