संख्याशास्त्र शिकून जंगलाच्या संशोधनात प्राध्यापकी करता येईल का?

मृण्मयी, इंदूर

नमस्कार. मी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. चोरलच्या बाजूला भटकताना जंगलाची गोडी लागली आणि आता झाडांची वाढ, मर आणि नवी रोपे यांचा आकडेवारीतून अभ्यास करावा, पुढे तेच शिकवावे, असे मनात आहे. विमा कंपनीची नोकरी मिळत असताना हे काय खूळ, असा घरचा सूर आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी नसताना या क्षेत्रात अध्यापन आणि संशोधन करता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त अध्यापक, वडोदरा

करता येते, पण सुरुवात मोजपट्टीपासून करावी लागते. या विषयातली बरीचशी आकडेवारी एका साध्या कामातून निघते: जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर घेणे. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरायची, वेल असेल तर पट्टी तिच्याखालून सरकवायची, नेमकी तिथेच गाठ असेल तर जागा बदलून तशी नोंद करायची. घेरात एक सेंटिमीटरची चूक झाली की व्यासात तीन मिलिमीटरहून थोडी अधिक चूक होते, आणि माळव्यातल्या किंवा आमच्या जांबुघोड्याच्या शुष्क पानझडी जंगलात पुष्कळ झाडे वर्षभरात तेवढीही जाडावत नाहीत.

म्हणून इथे एका मोसमातल्या हुशारीपेक्षा वर्षानुवर्षांच्या नोंदींना मोल आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलात ५० हेक्टरचा कायमस्वरूपी प्लॉट आखला आणि त्यातल्या एक सेंटिमीटर व त्याहून अधिक जाडीच्या प्रत्येक झाडाची नोंद ठेवली. वणवा, दुष्काळ आणि हत्ती यांनी तिथली कोणती झाडे नेली हे आज सांगता येते, ते याच नोंदींमुळे.

तुमची गरज लागते ती यानंतर. आमचे विद्यार्थी एकाच जळालेल्या पट्ट्यात वीस चौकटी आखत आणि नमुने वीस धरून मोकळे होत. वणवा मात्र एकच लागलेला असे. परिसंस्थांचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच या दोषावर नेमके बोट ठेवले होते, तरी प्रबंधांतून तो अजून पुरता गेलेला नाही.

सहायक प्राध्यापक, ग्वाल्हेर

काकांनी कामाचे सांगितले, मी नोकरीचे सांगतो. पदाच्या जाहिरातीत तुमच्या विषयाचे नाव सहसा नसते; वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा वानिकी असते, आणि पदव्युत्तर पदवी संबंधित विषयातली हवी, या अटीवर संख्याशास्त्राचा अर्ज अडू शकतो. आपल्या राज्यात शासकीय महाविद्यालयांतली निवड लोकसेवा आयोगामार्फत होते, तेव्हा अर्जापूर्वी ही अट शब्दशः वाचावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. परीक्षा, प्रवेश आणि निवडणुकीची ड्यूटी निराळी. परिणामी जंगलातले काम मे महिन्याच्या सुट्टीवर येते, आणि तेव्हा अर्धी झाडे निष्पर्ण असल्याने नवख्याला धावडा कोणता आणि सलई कोणती हे सालीवरूनच ओळखावे लागते. संशोधनच मुख्य हवे असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था, जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था, भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था आणि बंगळूर यांच्याकडे आधी पाहावे.

एक आग्रहाचे सांगणे: ज्या मार्गदर्शकाचे प्लॉट आधीपासून चालू आहेत त्यांच्याकडेच पीएच.डी. करावी. स्वतःचा नवा प्लॉट आखला तर प्रबंध सादर करण्याची वेळ येईपर्यंत हातात जेमतेम दोन-तीन मोजण्या येतात आणि त्यांवरून झाडांच्या मृत्युदराविषयी काही ठामपणे म्हणणे अवघड असते.

मृण्मयी, इंदूर

दोघांचेही आभार. काका, दुसऱ्या मोजणीत घेर पहिल्यापेक्षा कमी भरला, तर तो आकडा चुकीचा म्हणून गाळतात का?

निवृत्त अध्यापक, वडोदरा

पुष्कळजण गाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. कोरड्या दिवसांत खोडातले पाणी कमी होऊन ते किंचित आकसते, कधी सालीचा पापुद्रा सुटतो, कधी पट्टी थोडी वरखाली बसते. या चुका दोन्ही दिशांना होतात. पण वजा आलेले आकडे खटकतात म्हणून काढले जातात आणि तितकीच चूक असलेले वाढीव आकडे चांगली वाढ म्हणून राहून जातात. सरासरी वाढ फुगते, आणि तिच्यावरून काढलेला, झाडांत साठलेल्या कार्बनचा अंदाजही फुगतो. त्यापेक्षा काही झाडे त्याच आठवड्यात दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घ्यावीत, दोन मोजण्यांतल्या फरकावरून चुकीचा आवाका ठरवावा आणि तो गणितात धरावा. पुढच्या वर्षी मोजणी त्याच महिन्यात करावी. सरावासाठी तुमच्या जवळचे रालामंडल सोयीचे वाटेल, पण ते अभयारण्य असल्याने तिथल्या संशोधनाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव अभिरक्षकांची परवानगी लागते. तोवर महाविद्यालयाच्या आवारातल्या कडुनिंबांवर पट्टी बसवायला शिकावे.