मदत हवी आहे: गामेल एस्ट्रुपच्या कुळांविषयी

नमस्कार मंडळी. जुनं डॅनिश हस्ताक्षर वाचता येणारं इथे कुणी आहे का?

डेन्मार्कच्या जटलंडमधल्या गामेल एस्ट्रुप या जहागिरीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. खंदकातला लाल विटांचा वाडा, आधी ब्रोक आणि मग स्केल घराण्याचा. १९३० पासून तिथे संग्रहालय आहे. मालकांविषयी हवं तेवढं वाचायला मिळतं. मला मात्र जमीन कसणारी कुळं हवी आहेत.

१७३३ च्या स्टाव्हन्सबोन्ड कायद्याने शेतकरी पुरुषांना जन्मल्या जहागिरीबाहेर जायला बंदी केली. सुरुवातीला वय १४ ते ३६ होतं, १७६४ मध्ये ते ४ ते ४० झालं. चार वर्षांचं पोर जमिनीला बांधलेलं! सैन्यात कुणाला धाडायचं हेही जहागीरदारच ठरवायचा, म्हणजे त्याच्याशी वाकडं घेणं किती महाग पडत असेल. शिवाय त्याच्या शेतावर वेठ होतीच. १७८८ मध्ये हे बंधन उठवायला सुरुवात झाली.

या काळातले कुळांचे करार, वेठीचे हिशेब आणि चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदी डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कशा शोधायच्या? जहागिरीच्या नावाने की पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या)? आणि गॉथिक वळणाची दोन-तीन पानं कुणी माझ्यासोबत बसून वाचून देईल का? ऑनलाइनही चालेल, वेळ तुमच्या सोयीची. १९१९ च्या कायद्यानंतर सरंजामी जहागिरींची जमीन लहान शेतकऱ्यांना कशी वाटली गेली, यावर इंग्रजीतलं काही वाचलं असेल तर तेही नक्की सांगा.