ठाण्यात डांबून ठेवल्याबद्दलच्या दाव्याची मुदत कधीपासून धरायची?

प्रश्न (खानापूर)
काळ्या दिनाच्या (सीमाभागातील मराठी भाषक १ नोव्हेंबरला पाळतात तो निषेधदिन) फेरीच्या आदल्या रात्री माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी घरातून उचलले, दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले आणि न्यायाधीशांसमोर न नेताच सोडून दिले. वर जमावबंदी मोडल्याचा खटलाही भरला. याला दोन वर्षे होऊन गेली. आठ महिन्यांपूर्वी तो निर्दोष सुटला असून कन्नडमधील निकालाची नक्कल आमच्याकडे आहे. भरपाईच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात, असे गावात सांगतात. ते खरे आहे काय?

उत्तर (बेळगाव, वकिली)
तीन वर्षांच्या समजुतीने अनेकांचे दावे बुडाले आहेत. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बेकायदा अटकावाच्या भरपाईसाठी, अटकाव संपल्या दिवसापासून, एकच वर्ष मिळते. त्यामुळे ठाण्यातील दोन रात्रींचा दिवाणी दावा मुदतबाह्य झाला आहे. मात्र द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दलच्या दाव्याचे वर्ष निर्दोष सुटल्याच्या दिवसापासून धरतात, म्हणजे आपल्या हाती अजून चार महिने आहेत. अर्थात नुसती निर्दोष सुटका त्यासाठी पुरत नाही. खटल्याला सबळ कारण नव्हते आणि त्यामागे आकस होता, हे दोन्ही सिद्ध करावे लागते, आणि खरी दमछाक तिथेच होते.

कर्नाटक पोलीस कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्यापूर्वी सरकारची मंजुरी आणि संबंधित अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीचा आणि मंजुरी मिळेपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. पण मंजुरीचा अर्ज वर्ष संपण्याआधीच पडायला हवा.

प्रतिसाद (निपाणी)
अपिलात करतात तसा विलंबमाफीचा अर्ज येथे चालणार नाही काय?

उत्तर (बेळगाव, वकिली)
नाही. मुदत कायद्याचे विलंबमाफीचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. त्या दोन रात्रींसाठी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिकेचा (मूलभूत हक्कांच्या भंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जाचा) मार्ग उरतो, कारण चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर हजर न करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा भंग आहे आणि अशा प्रकरणांत रिटमध्येच भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या रुदुल साह खटल्यापासून मान्य केले आहे. रिटला ठरावीक मुदत नसली तरी दोन वर्षे का थांबलात, याचे पटण्याजोगे कारण द्यावे लागेल. मानवी हक्क आयोगाचे दार मात्र वर्ष उलटताच बंद झाले.

प्रश्नकर्ता (खानापूर)
खटला चालू असताना तक्रार केली तर प्रकरण चिघळेल, या भीतीने थांबलो होतो. हे कारण चालेल काय?

उत्तर (बेळगाव, वकिली)
ते प्रतिज्ञापत्रावर तारखांसह मांडा. निर्दोष सुटल्यानंतरच्या आठ महिन्यांचा खुलासा मात्र वेगळा द्यावा लागेल.