मदत हवी आहे: बायकोला चर्चमध्ये कम्युनियन घेता येत नाही, त्याला कारण मी हाय का?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, विषय घरगुती हाय आणि मी स्वतः ख्रिश्चन नाही, शब्द चुकला तर सांभाळून घ्या. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बाहेर मराठी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर. बायको रोमन कॅथलिक, माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाऊलीची यात्रा कधी न चुकवणारं घर. तिचं पहिलं लग्न २००९ ला तिकडच्याच चर्चमध्ये झालं. नवरा पिणारा निघाला. निघाला म्हणजे आधीपासूनच होता, लग्नाआधी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला, आणि मुलीकडच्यांना कुणी पत्ता लागू दिला नाही. २०१५ ला कोर्टातनं म्युच्युअल घटस्फोट, २०१८ ला आमचं सोलापुरात रजिस्टर लग्न. एक मुलगी हाय, पाच वर्षांची.

दर रविवारी स्कूटरवर हिला मिस्साला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या उपासनेला, नेतो, दोन-तीन वर्षं झाली मी पण आत बसतो, गाणी बरी असतात. कम्युनियनची, म्हणजे फादरांच्या हातनं पवित्र भाकर घ्यायची, वेळ झाली की अख्खा बाक उठून लाइनीत लागतो आणि ही बसलेली, मग लोक आमच्या गुडघ्यांवरनं अंग चोरून जायलेत आणि आम्ही पाय आत ओढून घ्यायलोय असा तो प्रकार. म्हणून आता शेवटच्या बाकावर खांबाजवळ बसतो. सात वर्षं हिनं घेतलेलं नाही. मला वाटायचं हिंदू नवरा केला म्हणून शिक्षा असंल. ही म्हणते तसं नाही, तू गप बस.

गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर आलं की पोपनी घटस्फोटवाल्यांना परवानगी दिली. आधीचे फादर म्हणाले होते बघू, बोलू सावकाश, ते बदलून गेले. नवीन फादर म्हणाले पहिलं लग्न रद्द ठरवायला पुण्याला अर्ज करा, त्याशिवाय नाही. माझी आई म्हणते देवाच्या दारात प्रसादाला सर्टिफिकेट लागतंय व्हय? तिला काय उत्तर देऊ ते पण कळेना. मी धर्म बदलला तर हे सुटतंय का, माझी तयारी हाय, हिला अजून बोललो नाही.

वसईचा_नातू

भाऊ, पहिलं काम म्हणजे धर्म बदलू नका, ह्या कारणासाठी तर नकोच. त्यानं काही सुटत नाही.

घटस्फोटाने कम्युनियन बंद होत नाही. तुमच्या मिसेस घटस्फोट घेऊन एकट्या राहिल्या असत्या तर बिनधास्त लाइनीत जाऊ शकल्या असत्या, हे कित्येक कॅथलिकांनाही माहीत नसतं आणि बिचाऱ्या बायका उगाच मागे बसून राहतात. अडतं ते दुसऱ्या लग्नाशी. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' हे येशूचं वाक्य चर्च शब्दशः धरतं, कोर्टाच्या कागदाने त्यांच्या हिशोबी पहिलं लग्न संपत नाही. आणि उलटही तसंच, चर्चच्या निकालाने कायद्यातलं लग्न मोडत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला ते सांगितलंय. दोन वेगळे रस्ते, तुमचा कायद्याचा पूर्ण झालाय.

तुमचा वाटा आहे, पण थोडा. पहिलं लग्न नसतंच तरी कॅथलिक बाईने बिशपची, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाची, परवानगी न घेता नुसतं रजिस्टर लग्न केलं तर चर्च ते धरत नाही. पण ही गाठ सोपी, हिंदू नवऱ्याशी लग्नाला बिशप सूट देतात, तुम्ही हिंदू राहून. पत्नीला कबूल करावं लागतं की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा होईल तितका प्रयत्न करीन, आणि ती हे कबूल करतेय याची तुम्हाला कल्पना दिली जाते. बास.

एक विचारतो, राग मानू नका. तुमचं आधी लग्न झालेलं का? हिंदू पद्धतीचं असलं तरी चर्च त्याला खरंच लग्न मानतं.

टॉवेलवाला_सोलापूर

नाही हो, माझं पहिलंच. मग पोपचं ते फॉरवर्ड खोटं का?

कडक_भाकरी

अर्धं खोटं, म्हणून जास्त वाईट. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'फामिलियारिस कोन्सोर्तियो' ह्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की पुनर्विवाह केलेल्यांना कम्युनियन नाही, मुलाबाळांमुळे वेगळं होणं शक्य नसेल तर एका घरात भाऊ-बहिणीसारखं राहा, मग चालेल. हा द्वेष नाही, चर्च त्यांना बाहेरही काढत नाही. मालक, आईंना सांगा की हा प्रसाद नव्हे. आम्ही मानतो की ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे. नवरा-बायकोचं नातं ख्रिस्त आणि चर्चच्या नात्याची खूण, ती तुटकी ठेवून दुसरी खूण कशी घ्यायची? मला माहितीये ऐकायला कडू लागतं. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात हेच चालू आहे.

वसईचा_नातू

कडकराव, गोष्ट १९८१ ला थांबली नाही ना पण. २०१४ ला कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) कास्पर यांनी रोममध्ये विचारलं की ह्या लोकांना आपण 'आध्यात्मिक कम्युनियन' घ्या म्हणतो, म्हणजे मनाने ख्रिस्ताशी एक व्हा, मग जो मनाने एक होऊ शकतो त्याला प्रत्यक्ष का नाही? त्यावर २०१४ आणि २०१५ अशा दोन सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या परिषदांत, बिशप मंडळी भांडली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'आमोरिस लेतित्सिया' हे पत्र आलं. त्याच्या आठव्या प्रकरणात सरसकट परवानगी कुठेच नाही. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, फादरांनी त्या माणसाबरोबर बसून नीट पारख करावी, आणि तळटीप ३५१ मध्ये हळूच, की काही बाबतीत संस्कारांचीही (म्हणजे कम्युनियनसारख्या विधींची) मदत होऊ शकते. तिथेच, की कम्युनियन हे परिपूर्ण लोकांचं बक्षीस नाही, दुबळ्यांचं औषध आहे.

अख्खं जग एका तळटीपेवरून भांडलं. चार कार्डिनलांनी पोपना पाच प्रश्न लिहून पाठवले, उत्तर आलं नाही म्हणून नोव्हेंबर २०१६ ला जाहीर केले. माल्टाचे बिशप एक म्हणाले, पोलंडचे दुसरं. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसकडच्या बिशपांनी काढलेलं, काही बाबतीत मुभा देणारं धोरण मात्र पोपना पसंत पडलं, याचा दुसरा अर्थच नाही असं त्यांनी लिहून दिलं आणि ते व्हॅटिकनच्या अधिकृत गॅझेटात छापलं. तुमचे दोन फादर दोन गोष्टी बोलले त्याचं मूळ हे.

पण त्या धोरणातही हा रस्ता आहे तो पहिलं लग्न रद्दबातल ठरवून घेणं जमलंच नाही तर. तुमच्या केसमध्ये तो अर्ज करूनच झालेला नाही. नवीन फादर कोरडे बोलले असतील, पण चुकीचं नाही बोलले.

सातरस्ता_शुभवर्तमान

एवढं कशाला दादा, आमच्या प्रॉटेस्टंट चर्चला या, सोलापुरात आमचीच संख्या जास्त, प्रभुभोजनाला (आमच्याकडचं कम्युनियन) कुणी फाईल मागत नाही 😀

टॉवेलवाला_सोलापूर

हे मी एकदा बोलून बघितलं होतं, दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज वाढला होता. तिला तेच पाहिजे जे लहानपणी मिळालं. आणि कडक भाकरी साहेब, भाऊ-बहिणीचं हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, तुझी नाईट शिफ्ट लागली की आपण तसंच तर राहतो.

मिरजेची_माई

भाऊ, मी ह्यातून गेलेय म्हणून लिहिते. अर्ज म्हणजे चर्चकडून दुसरा घटस्फोट नाही. प्रश्न एवढाच असतो की त्या दिवशी वेदीसमोर 'हो' म्हणताना ते लग्न खरोखर झालं होतं का. मी पहिल्यांदा ११ पानं लिहिली, सगळी नवऱ्याला शिव्या. फादरांनी शांतपणे वाचून परत दिली, म्हणाले हे लग्नानंतरचं झालं, मला लग्नाच्या दिवसापर्यंतचं लिहून दे. मग तीन महिने पेनच उचललं गेलं नाही.

तुमच्या मिसेसच्या बाबतीत म्हणून ते व्यसनमुक्ती केंद्राचं फार महत्त्वाचं. संसार उधळेल अशी गोष्ट मुद्दाम लपवून लग्नाला होकार मिळवला, तर चर्चच्या कायद्यात कलम १०९८ आहे. नुसतं 'नंतर प्यायला लागला' यावर काही होत नाही. साक्षीदार शोधा, ज्यांना आधी माहीत होतं असे, नवऱ्याकडचा एखादा चुलतभाऊसुद्धा चालेल. पहिल्या नवऱ्याला नोटीस जाणार, पण त्याची संमती लागत नाही, तो आला नाही तरी केस चालते. एक फादर लग्न खरंच होतं ह्या बाजूने बोलायला नेमलेले असतात, त्यांचा राग धरू नका. पूर्वी चर्चच्या दोन न्यायालयांचा सारखा निकाल असावा लागायचा, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ ला ती अट काढली. पहिल्या निकालाला एक वर्षाची मर्यादा लिहिलेली आहे, लिहिलेली आहे एवढंच म्हणते. पैशावाचून अडत असेल तर स्पष्ट सांगा.

लग्न नाशिक धर्मप्रांतात झालं, तुम्ही राहता पुणे धर्मप्रांतात, दोन्हीपैकी कुठेही घेऊ शकतात. मी असते तर पुणेच धरलं असतं.

टॉवेलवाला_सोलापूर

माई, तुमचं आणि नातू साहेबांचं काल रात्री हिला मोबाईल हातात देऊन वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग पहिला प्रश्न, तसा निकाल आला म्हणजे कुणाचं मूल अनौरस ठरतं का, म्हणजे पहिल्या लग्नात झालं असतं तर. मूल नव्हतंच तिकडं, तरी विचारलं. दुसरा प्रश्न माझ्यासाठी, धर्म बदलायचं तुला कुणी सांगितलं होतं रे?

मिरजेची_माई

नाही ठरत, चर्चच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. मलाही पहिली भीती तीच होती, मला तर दोन मुलं होती.

कडक_भाकरी

मालक, माझं मत तेच आहे, पण अर्ज करताय हे ऐकून बरं वाटलं. बाप्तिस्म्याचा दाखला माहेरच्या चर्चमधून ताजा काढून घ्या, जुना चालत नाही. आणि तोपर्यंत खांबाजवळ बसू नका, मधे बसा. लोकांना गुडघे ओलांडू द्या.

टॉवेलवाला_सोलापूर

गुरुवारी सुट्टी टाकली हाय, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं दोघं पुण्याला जायलोय. मुलगी आईकडं. आईला सांगितलं की तो प्रसाद नाही, तर म्हणाली मग त्यांना जाताना शेंगाचटणी तरी घेऊन जा. नेली तर चालंल का? आणि ते केंद्र बंद पडलंय असं कळलं, तिथला कागद मिळाला नाही तर नुसत्या साक्षीवर भागतं का, कुणाला अनुभव असंल तर सांगा.