पेपर छापून झाला, पुढचं कोण बघणार?

दोनओळी (धागाकर्ता)

सात वर्षं आरोग्य-संशोधनात काढली. सर्वेक्षणं, नमुने, रिग्रेशन, मग पेपर. गेल्या आठवड्यात जुन्या फायली आवरताना माझाच एक अहवाल हाती लागला. शेवटच्या पानावर अकरा शिफारशी. सगळ्या ‘करण्यात यावे’, ‘देण्यात यावे’, ‘भर देण्यात यावा’ अशा. कोणी करावं, कोणी द्यावं, याचा पत्ता नाही. वाक्यातून कर्ताच गायब. हे मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना काही खटकलंही नव्हतं.

संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यात दरी आहे असं म्हटलं की आपण सवयीने डॉक्टरांकडे बोट दाखवतो. वाचत नाहीत, जुनंच धरून बसतात वगैरे. माझं म्हणणं उलट आहे. जास्त दोष आम्हा संशोधकांचा. पेपर छापला की आम्ही हात झटकतो.

एकच उदाहरण घेतो. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणार असं दिसत असेल तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली हे चाचणी करून दाखवलं. औषध स्वस्त, द्यायला सोपं. पुढे आणखी बऱ्याच चाचण्या झाल्या आणि बहुतेकींचा कल तोच निघाला. तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी ‘हे सर्रास वापरा’ म्हणायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं! कॉक्रेन या, चाचण्यांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच चाचण्यांच्या, एका चाचणीची एक रेघ. जो तो आपली रेघ मारून घरी गेला. त्या एकाखाली एक मांडून बघायला १९८०चं दशक सरत आलं. तोवर जी बाळं गेली ती गेली.

संशोधन वापरात यायला सरासरी १७ वर्षं लागतात असा आकडा नेहमी सांगतात, तो मला आता कमीच वाटतो. बोला.

आकडेमोड

त्या १७ वर्षांना आधी बाजूला बसवू या. २०००च्या सुमाराचा आकडा आहे तो. मोजक्याच उपचारांची माहिती घेतली, छापायला लागणारा वेळ, पाठ्यपुस्तकात यायला लागणारा वेळ असे टप्पे बेरजेला लावले. २०११ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की घड्याळ कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं यावरच एकमत नाही. आणि उशीर म्हणजे नुकसानच, हे गृहीत धरायचं कशाला? बाकी चालू द्या.

जुना_फिजिशियन

धागाकर्त्यांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतलाय तो मोठेपणाचा आहे, पण नेम चुकलाय. मला तर प्रत्येक दरी बुजवायचीच हा आग्रहच पटत नाही.

२००१ साली बेल्जियममधल्या एका अतिदक्षता विभागातून चाचणी आली. इन्सुलिन देऊन रक्तातली साखर ८० ते ११०च्या दरम्यान घट्ट धरायची. आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. नियतकालिक नामांकित, फरक डोळ्यांत भरणारा. जगभर आयसीयूंनी हे उचललं. आमच्याकडेही सुरू झालं, तासातासाला साखर बघायची, पंपाचा वेग बदलायचा, साखर खाली घसरली की धावाधाव. मी आडमुठा, मी दीडशेच्या वरच थांबायचो. पोरं मागून म्हणायची, सर पेपर वाचत नाहीत. २००९ मध्ये नाइस-शुगर ही सहा हजारांवर रुग्णांची चाचणी आली. घट्ट साखरेच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, सैल गटात २४.९. (यात माझं शहाणपण काही नाही. मला त्या पंपाचा कंटाळा होता, हे खरं कारण.)

आता तुमच्याच स्टेरॉइडचं पुढचं ऐका. ते तुम्ही १९९४ला सोडून दिलंत. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सहा देशांतली मोठी चाचणी आली. तेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत न्यायचं. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर मृत्यू उलट वाढले. औषध तेच, पुरावा तोच, जागा बदलली. पेपर आला की लगेच पूल टाका म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दोनओळी (धागाकर्ता)

सर, साखरेचं मान्य. ते उदाहरण माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातं, नाकारत नाही.

पण स्टेरॉइडचं अर्धंच सांगितलंत. २०२० मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा चाचणी झाली. या वेळी सोनोग्राफीवरून दिवस नीट मोजले, बाळाला सांभाळायची सोय असलेल्याच जागा निवडल्या. नवजात मृत्यू कमी झाले, इतके की चाचणी वेळेआधी थांबवली. म्हणजे १९७२च्या निष्कर्षाला एक अट चिकटलेली होती, दिवस माहीत हवेत आणि पुढची काळजी हवी. ती अट कळायला २०१५ची फसलेली चाचणीच कामी आली. आता सांगा, ही चाचणी संशोधन की अंमलबजावणी? मी तेच म्हणतोय. हा शेवटचा तुकडा कमी दर्जाचा समजून आम्ही सोडून देतो आणि तुमच्यासारख्यांना तो अंदाजाने शिवावा लागतो.

वॉर्डातली

दोघांचंही वाचलं. दोघंही औषधाबद्दल बोलताय. औषध सोपं असतं हो, सिरिंजमध्ये मावतं. कामाची पद्धत बदलायची असते तेव्हा काय होतं ते सांगते. वीस वर्षं आयसीयूत सिस्टर आहे.

मानेजवळच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे लांब नळी (कॅथेटर) घालतात, तिथून रक्तात जंतुसंसर्ग होतो. २००६ साली मिशिगनमधला अभ्यास छापून आला, १०३ आयसीयूंचा. पाच गोष्टी करायच्या. हात धुवा, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करा, टोपी-मास्क-गाऊन आणि पूर्ण अंगभर निर्जंतुक चादर, जांघेतली शीर शक्यतो टाळा, गरज संपली की लाइन काढा. तीन महिन्यांत संसर्गाचा मध्यक दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ वरून शून्यावर. सगळे त्या पाच गोष्टींचं कौतुक करतात. त्यातली एकही आम्हाला नवी नव्हती. नवं होतं ते हे की सगळं सामान एकाच गाडीवर ठेवलं, आणि डॉक्टर चुकले तर नर्सने ‘थांबा’ म्हणायचं असं वरून ठरवून दिलं.

आमच्याकडे काय आलं? फॉर्म आला. पाच चौकोन, खाली सही. गाडी आली नाही. मोठी चादर वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये, रात्री तिची किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर दुसऱ्या इमारतीत. पहाटे तीनला रुग्णाचं बीपी पडतंय, रेसिडेंट हातमोजे घालून उभा आहे, अशा वेळी मी चादरीसाठी जिने चढू की रुग्णाजवळ थांबू? छोट्या दोन चादरी जोडून लाइन घातली जाते. आणि फॉर्म शंभर टक्के भरलेला असतो, कारण सकाळी सहाला चहा पिता पिता मीच पाचही चौकोनांत खुणा करते. पुढे त्याच फॉर्मवरून कोणी पेपर लिहील.

‘थांबा’ म्हणायचं तर सोडाच. एकदा म्हटलं होतं. पुढचा महिनाभर रजेचा अर्ज पुढे सरकला नाही.

आकडेमोड

ताई, दंडवत. तुमच्या फॉर्मसारखंच शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी तपासून खुणा करायच्या यादीचं. २००९ मधल्या अभ्यासात ती वापरल्यावर आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्के झालं. मग कॅनडातल्या ऑन्टारिओत तीच यादी १०१ रुग्णालयांत लागू केली आणि २०१४ साली हिशेब मांडला तर ०.७१ वरून ०.६५. सांख्यिकीच्या भाषेत फरक नाहीच. यादी वापरल्याचं बहुतेकांनी कळवलं होतं, अर्थात.

पी_व्हॅल्यू

संशोधकांना झोडपणं चालू आहे तर आमचीही बाजू घ्या. अनुदान मिळतं ते प्रश्नाचं उत्तर शोधायला. शेवटचा हप्ता अहवालावर संपतो. बढती मोजतात ती पेपरांवर. स्टोअरची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत सहा महिने वॉर्डात बसलो तर विभागप्रमुख विचारतील, ‘यातून प्रकाशन काय?’ धागाकर्ते म्हणतात हात झटकतो. अहो, हातात काही दिलंच नाही तर झटकणार काय? दारोदार फिरून आपला निष्कर्ष खपवायचा हे संशोधकाचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर नसावंही. आपल्याच निष्कर्षाच्या प्रेमात पडलेला माणूस त्याचा प्रचारक झाला की पुढची चाचणी प्रामाणिकपणे कशी करेल?

कुंपणावरचा

मी ना डॉक्टर ना संशोधक. आजारी माणसाबरोबर बाकड्यावर बसणारा. तिथून जे दिसतं ते लिहितो. दरी सगळीकडे सारखी नसते. नवी महागडी गोळी आली की तिची माहिती डॉक्टरांच्या टेबलावर त्याच आठवड्यात हजर, गुळगुळीत कागदावर, पेनासकट. मीठ-साखरेच्या पाण्याचा प्रतिनिधी मी अजून दारात बसलेला पाहिला नाही. ज्याच्यामागे विकणारा आहे तो आपला पूल घेऊनच येतो. बाकीचे बिचारे काठावर.

जुना_फिजिशियन

+१. पेनाचं टोचलं, पण खरं आहे.

पी_व्हॅल्यू

टाळ्यांचं वाक्य आहे, पण मीठ-साखरेच्या बाबतीत तपासून पाहिलंय, आणि निघालं भलतंच.

१९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली, सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, खायचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, नातेवाईकच पाजायचे. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आज पन्नास वर्षांनंतरही जुलाब झालेल्या कितीतरी मुलांना ओआरएस दिलं जात नाही, आणि ते द्यायला हवं हे जवळजवळ सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. मग अडतं कुठे? कर्नाटक आणि बिहारमध्ये संशोधकांनी खासगी वैद्यकांकडे खोटे रुग्ण पाठवले, घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत असं सांगणारे बाप. वैद्यक दोन हजारांवर. हा अभ्यास २०२४ मध्ये सायन्स नियतकालिकात आला. ओआरएस न देण्यामागे नफ्याचा मोह हे कारण फार तर ५ टक्के निघालं, पाकिटं संपलेली असणं ६ टक्के. सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के, हे की वैद्यकांना वाटतं, पालकांना ओआरएस नकोच असतं, त्यांना ‘खरं औषध’ हवं असतं. बापाने नुसता ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवला तरी ते लिहून देण्याचं प्रमाण बरंच वाढलं.

म्हणजे कुंपणावरचे साहेब, तिथे विक्रेता खलनायक नव्हता. डॉक्टर तुमच्या मनातलं ओळखत होते, आणि चुकीचं ओळखत होते. तुम्ही बाकड्यावर गप्प बसला होतात.

कुंपणावरचा

गप्प बसतो कारण विचारलं की ‘गूगल वाचून आलात का’ ऐकावं लागतं. पण ठीक आहे, पुढच्या वेळी फोटो घेऊन जाईन.

दोनओळी (धागाकर्ता)

पी_व्हॅल्यू, प्रचारकाबद्दलचं पटलं, तेवढा मुद्दा मागे घेतो. पण तुम्हीच सांगितलेला अभ्यास बघा. ओआरएस चालतं का, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. का दिलं जात नाही, हे विचारलं, आणि त्याचंही प्रकाशन झालं, तेही कुठे! तेव्हा ‘यातून प्रकाशन काय’ म्हणणाऱ्या विभागप्रमुखांना हे दाखवा.

आणि सर, २०१५ आणि ऑन्टारिओ पाहिल्यावर ‘पेपर आला की पूल टाका’ असं मी म्हणणार नाही. आधी तो पूल कुठे टेकणार ते पाहा, एवढं म्हणतो. ते पाहणं कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. माझ्या अकरा शिफारशींतही नव्हतं.

वॉर्डातली ताई, एक विचारायचं राहिलं. ती गाडी शेवटी आली का?

वॉर्डातली

आली नाही, केली. ड्रेसिंगची एक जुनी ट्रॉली भंगारात निघाली होती, ती धुऊन घेतली. वरच्या खणात क्लोरहेक्सिडिन आणि गाऊन, खाली मोठ्या चादरी, चार. दर शुक्रवारी इंडेंटमध्ये (स्टोअरकडच्या मागणीपत्रात) दोन जास्त लिहिते आणि त्या तिथे ठेवते. गेल्या पाच महिन्यांत चादरीसाठी जिना चढावा लागलेला नाही. संसर्ग कमी झाला का ते विचारू नका, कोणी मोजत नाही.

एक तारखेपासून माझी बदली सर्जिकल वॉर्डात आहे. नव्या सिस्टरला ट्रॉली दाखवलीये. ती म्हणाली, ‘चादरी जास्त लिहायच्या हे कुठल्या ऑर्डरमध्ये आहे?’