अनुभव धागा: नळकाम, पाईपकाम आणि उमेदवारीची वर्षं

मंडळी, भाच्याचा आयटीआयचा फॉर्म भरताना घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्लंबरचा कोर्स एका वर्षाचा, आठवी पासवर मिळतो, त्याला कोण विचारणार? दुसरा म्हणतो, रविवारी प्लंबर बोलावून बघा, मग कळेल कोण कोणाला विचारतं. माझा या कामाशी संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली, कंपनीत किंवा परदेशात ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांनी लिहा. काय शिकायला मिळालं, हातात किती पडलं, कागद कुठे उपयोगी आला. ‘मेहनत करा, यश मिळेल’ छापाचे प्रतिसाद नकोत. पोरगं ते वाचत नाही.

पाऊण इंची (इचलकरंजी)
मी वस्तादांच्या हाताखाली शिकलो, तेव्हा सगळं काम जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचं. सुरुवातीचं काम म्हणजे सामान ओळखणं. वस्ताद माडीवरून ओरडायचे, "पाऊण बाय अर्धा टी, दोन निपल, एक युनियन!" आणि खाली पोत्यात हात घालून ते जोडाचे तुकडे बरोबर काढायचे. चुकीचं वर गेलं की तेच खाली यायचं, जरा वेगात.

मग डाय, म्हणजे पाईपवर आटे पाडायचं हत्यार, हातात आला. पाईप व्हाइसमध्ये आवळायचा, तेल सोडायचं, अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, म्हणजे कीस तुटतो. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचात १४ आटे, इंचीपासून पुढे ११. हे पुस्तकात फार उशिरा वाचलं. आटे बरोबर पडले की फिटिंग हाताने तीन-चार फेरे जाते आणि अडते, पुढचं काम पान्याचं. हाताने पूर्ण आत गेली तर आटे जास्त कापले गेले, तो जोड गळणारच. दोऱ्याला सफेदा (जोड गळू नये म्हणून लावायची पांढरी पेस्ट) लावून तो आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायचा. उलटा गुंडाळला की फिटिंग फिरवताना सगळा गोळा बाहेर. आता टेफ्लॉन टेप आहे, पण दिशा तीच.

आताची पोरं म्हणतात सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप, सोपा. सोल्व्हेंट (जोड चिकटवायचं द्रव) लावा, पाव फेरा देऊन दाबा, अर्धा मिनिट धरून ठेवा. खरंय. पण जीआयचा कच्चा जोड पाणी सोडल्याबरोबर थेंब दाखवतो, आणि सीपीव्हीसीचा कधीकधी फरशी बसल्यावर. म्हणून टेस्टिंग शिका.

पैसे? शनिवारी हातखर्च, चहा-नाश्ता वस्तादांचा. कागद शून्य. नळजोडणीच्या परवान्याची गोष्ट निघाली की तो नसल्याचं कळतं, अर्ज दुसऱ्याच्या नावाने जातो आणि काम आपण करतो.

उतार (पुणे)
आयटीआय झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका मोठ्या साइटवर ॲप्रेंटिस होतो. स्टायपेंडमध्ये केंद्राचा वाटा असतो, २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण ठेकेदार सगळे पैसे आपल्याच खिशातून जात असल्यासारखं बोलतो. आमच्या ठेकेदाराने बराच काळ फरशीचे बॉक्स उचलायला लावले आणि लॉगबुकवर न वाचता सह्या केल्या. भाच्याला सांगा, लॉगबुक रोजच्या रोज भर.

खरं शिकवलं ते ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या मिस्त्रींनी. देशभरच्या साइटवर तिकडची माणसं भेटतात. तिथल्या पट्टामुंडाईला सरकारने प्लंबिंगची खास संस्थाच काढली आहे. आमचे मिस्त्री चार इंची ड्रेनेजला १ः४० चा उतार द्यायचे, म्हणजे मीटरला २५ मिलिमीटर. मी म्हटलं, जास्त दिला तर लवकर वाहील की! त्यांनी उत्तर दिलं नाही, एका जुन्या लाइनचं झाकण उघडून दाखवलं. पाणी पुढे पळून गेलेलं, मैला मागे वाळलेला. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालच्या भांड्यात, ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, हेही तिथेच पक्कं झालं. बिल्डरचे स्वस्त ट्रॅप त्या पट्टीने मोजा कधीतरी.

आयसोमेट्रिक (मुंबई, सध्या आखात)
इथे सगळे घरच्या नळाबद्दल बोलतायत. पाईप फिटर हा वेगळा ट्रेड आहे, भाच्याने तोही बघावा. मी दहावीनंतर मुंबईच्या गोदीत शिकलो. जहाजात जागा अशी असते की ड्रॉइंग हात टेकतं. मग तार वाकवून साचा घ्यायचा आणि त्यावरून पाईप बनवायचा.

गणिताला घाबरायचं नाही. ४५ अंशात लाइन सरकवायची तर जितकी सरकवायची त्याला १.४१४ ने गुणा, तिरक्या तुकड्याची मध्य ते मध्य लांबी मिळते. त्यातून एल्बोचं (वळणाच्या जोडाचं) माप वजा करायला विसरणारे इंजिनियर मी पाहिलेत. फ्लँजचं, म्हणजे पाईपच्या टोकाला बोल्ट लावायच्या चकतीचं, भोक मध्यरेषेवर येऊ द्यायचं नाही, रेषेच्या दोन्ही बाजूंना समान. बोल्ट आवळायचे समोरासमोरचे, गोल फिरत नाही. आखाताच्या इंटरव्ह्यूला आधी ट्रेड टेस्ट घेतात आणि हेच विचारतात. तिथे माझा कागद चालला, पण हातात पाईप दिल्यानंतरच.

नागपूरची
आमच्या बॅचला मी एकटी मुलगी. पाना जड वगैरे काही नसतं, लांब पाना घेतला की जोर कमी लागतो. त्रास गिऱ्हाइकाचा. दार उघडून माझ्या मागे बघतात, "मिस्त्री कुठे आहे?" आता मी आधी मेन कॉक कुठे आहे ते विचारते, पुढचं बोलणं आपोआप कामाचं होतं.

बर्फाळ (ओंटारिओ, कॅनडा)
इथे प्लंबरची उमेदवारी ९००० तासांची, म्हणजे साधारण पाच वर्षं. त्यातच तीन वेळा शाळा, प्रत्येकी आठ आठवड्यांची. शेवटच्या परीक्षेला ७० टक्के लागतात. पगार पहिल्या दिवसापासून, पक्क्या प्लंबरच्या पगाराच्या टक्केवारीत, आणि तो वाढत जातो. अवघड भाग शिकवून घेणारा मालक मिळवणं. त्याच्या नावाशिवाय नोंदणीच होत नाही. मला होकार मिळाला तो पडेल ते काम करतो म्हटल्यावर, आणि पहिला हिवाळा बेसमेंटमध्ये काँक्रीट फोडण्यात गेला. बाहेरच्या भिंतीतून पाण्याचा पाईप शक्यतो नेत नाहीत, कारण गोठून फुटतो. हे ऐकून आमच्या साताऱ्याच्या काकांना अजून हसू येतं.

धागाकर्ता
भाचा विचारतोय, सुरुवातीला स्वतःची हत्यारं कोणती घ्यावीत?

पाऊण इंची
१४ इंची पाईप पाना, टेप, चांगलं लेव्हल, हेक्सॉ. डाय-सेट आत्ता नको, तो वस्तादाचा वापरावा. आणि पान्यावर नाव कोरून घे म्हणावं. साइटवर पान्याला पाय फुटतात.