ब्लॉग मेला म्हणे! मग माझी काकडं कुणी पळवली?

शेवळंवाली
गेल्या जूनमध्ये मामेसासऱ्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख टाकला. वर ते बऱ्याचदा फॉरवर्ड झाल्याचे दुहेरी बाण, खाली त्यांचा शेरा: "सूनबाई, वाच. काय ओघवतं लिहिलंय!" लेख शेवळांवरचा होता, पहिल्या पावसात येणाऱ्या त्या रानभाजीवरचा. माझाच, २०११ साली ब्लॉगवर टाकलेला.

नाव उडवलेलं होतं, त्याची आता सवय झालीय. पण लांबी कमी करायला कुणीतरी काकडांचा परिच्छेदच कापला होता. ज्यांनी शेवळं खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी: काकडं म्हणजे बारीक, हिरवी, आंबट फळं. सुरणाच्या कुळातल्या या शेवळांत ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आंबटाशिवाय शिजवलीत तर घसा नुसता खाजतो. ओळखीच्या एका बाईंनी तो फॉरवर्ड वाचून भाजी केली आणि दुपारभर ताक पीत बसल्या. वर मलाच फोन, "तुला यातलं कळतं ना गं?"

भाचा म्हणतो, मामी, ब्लॉग मेला, रील कर. माझं म्हणणं असं की ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्याने ते आधी स्वतःच्या पानावर, नावानिशी, तारखेनिशी आणि पूर्ण लिहावं. मग हवं तिथे नाचवावं. पटत नसेल तर बोला.

तिरपागडा
नाही पटत. वाचायला कुणी फिरकलंच नाही तर त्या तारखेचं काय लोणचं घालायचंय?

माझी बहीण डोंबिवलीत घरून मसाले विकते. तिनेही हौसेने ब्लॉग काढला होता. गोडा मसाल्यात दगडफूल किती, यावर लांबलचक लेख. प्रतिक्रिया चार, त्यातल्या दोन माझ्या. मग एक दिवस खोबरं भाजतानाचा व्हिडिओ इन्स्टावर टाकला. चेहरा नाही, फक्त हात, कढई आणि चरचर. त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा मिरच्या घाऊक आणल्या. आज ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, स्टेटस हेच तिचं दुकान. 'तुमचा ब्लॉग आहे का हो?' असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

आणि ताई, तुमचा लेख इतक्या घरांत पोचला तो फॉरवर्डमुळेच. ब्लॉगवर किती जणांनी वाचला होता, खरं सांगा.

शेवळंवाली
खरं सांगते, तीनेकशे. पण त्या तीनशेंपैकी कुणाचाही घसा खवखवला नाही.

जुनाजाणता
तिरपागडा, बहिणीचं कौतुकच आहे. पण तिचं दुकान दुसऱ्याच्या ओट्यावर आहे. ऑर्कुट आठवतंय का? ती गप्पांची साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. आमच्या कॉलेजच्या कम्युनिटीत दहा-बारा जण मिळून एक कादंबरी लिहीत होतो, एकेक प्रकरण प्रत्येकी. बंद होणार हे जाहीर झालं होतं, उतरवून घ्यायला मुदतही होती. घेतलं कुणी? प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. आणि २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तर तेवढीही सवड नव्हती. आपल्याकडच्या खेड्यापाड्यातली किती पोरं तिथे नाव कमावून होती, रात्रीत पाटी कोरी. ज्यांनी आधीच यूट्यूबवर दुसरा पाय रोवला होता ती तरली.

रिकामा_ट्रेकर
ब्लॉग अमर असल्यासारखं बोलू नका राव. माझा किल्ल्यांवरचा ब्लॉग होता, स्वतःचं डोमेन घेऊन, रुबाबात. कार्डाची मुदत संपली, नूतनीकरणाचे मेल गेले जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, आणि मी हरिश्चंद्रगडावर उंडारतोय. लक्षात आलं तेव्हा डोमेन दुसऱ्याने उचललं होतं. आज तो पत्ता उघडलात तर रमीची जाहिरात दिसते. त्याच गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेचं सगळं वर्णन गेलं.

त्याआधीचं तर विचारूच नका. युनिकोड रुळण्यापूर्वी जे शिवाजी, किरण असल्या फाँटांत लिहिलं, ते आता उघडलं तर नुसतं गिचमिड. घर स्वतःचं म्हणता, पण पट्टी भरायला विसरलात तर जप्ती तिथेही आहेच.

पडद्याआड
तुम्ही सगळे एक धरूनच चालला आहात की जगापुढे आपण दिसायलाच हवं. का बरं?

मी शाळेत शिकवते. पंचविशीत एका ब्लॉगवर स्वतःच्या नावाने कविता लिहायचे, त्या वयात सुचतात तसल्या. दहाएक वर्षांनी एका पालकाने त्या शोधून काढून वर्गाच्या पालक-ग्रुपवर टाकल्या. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, फक्त मोबाइल माझ्याकडे सरकवला, आणि माझीच कविता मी त्यांच्यासमोर खाली मान घालून वाचली. त्या रात्री ब्लॉग पुसून टाकला. आता टोपणनावाने लिहिते, फोटो नाही, गाव नाही. शेवळंवाली, नावानिशी लिहा म्हणता. पण इथे तुमचं तरी खरं नाव कुठे आहे?

शेवळंवाली
पडद्याआड, हे लागलं, आणि रास्त आहे. 'नावानिशी' हा शब्द मागे घेते. एकच नाव सातत्याने वापरावं, मग ते टोपण का असेना, म्हणजे हे कुणाचं आणि याला विचारायचं कुणाला, ते वाचणाऱ्याला कळतं. माझा ब्लॉगही 'शेवळंवाली' याच नावाने आहे.

रिकामा_ट्रेकर, ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेसवर सेटिंगमध्ये जाऊन सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं. मी दर दिवाळीला घेते, फराळाचे डबे पोचवून झाले की. तुम्ही एकदाही घेतली नव्हती ना? मग डोमेनला कशाला बोल लावता?

तिरपागड्याचं मात्र अर्धंच मान्य. मसाला विकायला हात आणि कढई पुरते, कारण माल पाकिटात असतो. माझा माल म्हणजे माहितीच. इन्स्टाच्या मजकुरात २२०० अक्षरं मावतात आणि त्यात दिलेली लिंक दाबता येत नाही. मी भाच्याकडून रील करून घेतली होती. त्याने सुरुवातीलाच मला थांबवलं, "मामी, काकडं शेवटी घे, आधी तयार भाजी दाखव." शेवटपर्यंत बघतं कोण?

तिरपागडा
मग काकडंच आधी दाखवायची होती! 'हे नसेल तर घसा धरेल' म्हणत मूठभर काकडं कॅमेऱ्यासमोर. लोक थांबले असते. दोष रीलचा नाही, तुमच्या भाच्याचा आहे. आणि ब्लॉगची लिंक प्रोफाइलवर लावता येते, तिथे दाबताही येते. ती लावलीय का?

शेवळंवाली
नाही लावली. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जुनाजाणता
म्हणजे भांडण मिटलं?

तिरपागडा
छे. ब्लॉगवर तीनशेच वाचणार, हे मी अजूनही म्हणतोय. पण ताई, एक विचारू? बहिणीला शेवळं करून बघायची आहेत. डोंबिवलीत काकडं मिळतील का?

शेवळंवाली
पहिल्या पावसाच्या सुमारास स्टेशनबाहेर ज्या मावशी शेवळं घेऊन बसतात त्यांच्याकडेच बघा. टोपलीच्या कडेला ठेवलेली असतात, आपणहून देतीलच असं नाही. मागून घ्या.